संगीतकाराच्या रकान्यात काय लिहू?

आजीच्या ओव्यांचा अल्बम करायचा हे मी एका रात्रीत ठरवलं. तो बाहेर यायला अडीच वर्षं लागली. त्यातले सहा महिने एका रकान्याने खाल्ले.

आजी मूळची पाटणकडची. आजोबा गिरणीत, आणि आजीची लालबागच्या चाळीत खानावळ. वीस जणांचं जेवण, दोन वेळचं. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीचेक लाख कामगार बाहेर पडले आणि आजीच्या पंगतीतल्या माणसांचे पगार थांबले. एकेक जण गावाला गेला, उधारी वहीत राहिली. चक्कीचे पैसे वाचवायला आजी ज्वारी घरच्या जात्यावर दळू लागली. गिरणगावचं गाणं म्हटलं की लोकांना शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ आठवतात, ते योग्यच आहे. पण चुलीपुढच्या बायकाही गात होत्या, हे कुणी विचारतच नाही.

बाबांनी १९९४ साली स्वयंपाकघरात एक कॅसेट भरली होती. ती डिजिटल करून घेतली तर आजीचा आवाज अर्धा स्वर खाली. ती वाजवणाऱ्या टेपरेकॉर्डरचा वेग मंदावलेला. तो सुधारला, पंख्याची घरघर मात्र मी राहू दिली. त्या कॅसेटमध्ये ही ओवी होती:

भोंगा न्हाई गं पहाटं, सुनी गिरणीची वाट,
कसं भरू सांगा ताट, वीस जणांचं.

अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत पहिल्या दिवशी मी ती क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यावर, गायले. कानात टिक-टिक, तोंडात ओवी. ऐकवत नव्हतं. शाळेतली कविता म्हटल्यासारखं. दोन दिवसांचं भाडं गेलं, हाती काही नाही. मग आईच म्हणाली, "जातं घेऊन जा की." पलंगाखालचं जातं टॅक्सीत घातलं. ड्रायव्हरने वेगळे पन्नास मागितले, दिले. रिकामं जातं फिरवलं तर नुसता दगडावर दगड खरखरतो, म्हणून दोन किलो ज्वारीही नेली. पीठ उडताना पाहून रेकॉर्डिस्टने आधी माइकवर रुमाल टाकला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा कळलं. कॅसेटमध्ये आजी दर ओळीनंतर अडखळते, असं मला वाटायचं. म्हातारपण असेल म्हणून सोडून दिलं होतं. ती अडखळत नव्हती, जात्यात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालत होती. तेवढ्यात फेरा मंदावतो, आणि ओवी तिथे थांबते. क्लिक बंद केली. आधी जातं रेकॉर्ड केलं, मग त्याच्यावर गायले. डफ, तुणतुणं नंतर आलं, तेही बेताने.

गाणी सात. तीन माझी, चार आजीच्या ओव्यांवरची. ऑनलाइन वितरण करणाऱ्याला मुखपृष्ठ तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं लागतं, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, लागतो, ही कामं आठवड्यात उरकली. अडकले ते 'गीतकार' आणि 'संगीतकार' या रकान्यांत. 'पारंपरिक' लिहून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या; त्यातल्या हजारो आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत. तिथे शोधत बसले. आजीच्या तीन ओव्यांच्या सख्ख्या बहिणी सापडल्या; त्यांना 'पारंपरिक' लिहिलं. भोंग्याची ओवी कुठेच नव्हती. कशी असेल? ती संपातच झाली.

ओळखीच्या वकिलाने सांगितलं, रचनाकार गेल्यावर कॉपीराइट साठ वर्षं राहतो आणि तो वारसांचा असतो. म्हणजे बाबा, काका आणि आत्या यांच्या सह्या हव्यात. बाबा, काकांनी न वाचताच केल्या. आत्या पेन हातात धरून बसली.

"ही एकटीची नाही गं. पहिली ओळ खालच्या मजल्यावरच्या काकींची. समोरासमोर बसायच्या दोघी, एकाच खुंट्याला हात. काकी उचलायच्या, आई पुरी करायची."

कॅसेटमध्ये एकच आवाज आहे, कारण १९९४ला काकी नव्हत्या. आणि काकींचं नाव कुणाला माहीत नव्हतं. चाळीत त्या फक्त काकी. ती खोली कधीच विकली गेलेली. जुन्या गणपती मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, त्यावर त्यांच्या यजमानांचं नाव, तिथून एका भाच्याचा फोन, असं करत करत बदलापूरला त्यांच्या सुनेपर्यंत पोचले. त्यांनी ट्रंकेतून जुनं रेशनकार्ड काढलं. मी नाव वहीत उतरवून घेतलं, काना-मात्रा तपासून.

मग त्यांनी सरळ विचारलं, "ह्याचे पैसे किती मिळणार?" प्रश्न रास्त होता. एका वेळच्या ऐकण्याला काही पैसे, रुपया नाही, हे मी खरं सांगितलं. त्या हसल्या. "निम्मे आमचे लिही तरी."

तसं लिहिलं. दोन नावं, पन्नास-पन्नास टक्के, चारही वारसांच्या सह्या. अल्बम आला त्या संध्याकाळी आत्याला फोनवर ती ओवी ऐकवली. पहिली ओळ संपली, जातं मंदावलं, तेव्हा ती म्हणाली, "हां, इथे काकी वैरण घालायच्या."