पीयूसी पास, सायलेन्सर नापास

‘साहेब, पीयूसी आहे की!’ बॉटल, म्हणजे बाजारातला बाटलीसारखा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, लावलेली बुलेट अडवली की चौकात हे वाक्य हमखास ऐकू येतं. पीयूसीच्या मशीनला कान नसतात. ते फक्त धुरातले वायू मोजतं. आवाजाचा नियम वेगळा आहे आणि गाडीत केलेल्या बदलाचा त्याहून वेगळा. एकाची पावती दुसऱ्याला चालत नाही.

कायद्याकडे आधी बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करायला मनाई करतं. त्यावर गॅरेजवाल्यांचा आवडता युक्तिवाद असा, की आरसी बुकावर सायलेन्सरची नोंदच नसते, मग कलम लागेल कसं? युक्तिवाद अगदीच फालतू नाही. त्या कलमात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला फेरफार, असा खुलासा दिलेला आहे. पण तो चौकात उपयोगी पडत नाही, कारण कारवाईला कलम ५२ लागतच नाही. कलम १९०(२) पुरेसं आहे. आवाज आणि हवा प्रदूषणाची मानकं मोडली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १८२अ(४) आणखी थेट आहे : नियमात न बसणारा पार्ट मालकाने बसवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. सायलेन्सर, हॅन्डल आणि हॉर्न अशी तिहेरी हौस असेल तर हिशोब तीनदा होऊ शकतो.

तांत्रिक बाजू केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका दाबणारा सायलेन्सर हवा आणि गाडी ठरलेल्या ध्वनिमर्यादेत राहील अशी ठेवायला हवी. म्हणजे नुसतं ‘बसवलं होतं’ म्हणून चालत नाही. गंजून भोक पडलेला कंपनीचा सायलेन्सरही याच नियमात अडकतो. नियम ११३ सहसा कुणाला आठवत नाही : एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत येता कामा नये. बेंड पाइप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची नळी, घरगुती पद्धतीने वाकवताना हे अंतर सहज बिघडतं.

दुचाकीची ध्वनिमर्यादा इंजिनाच्या आकारावर ठरते. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसी ७७ आणि त्यावर ८०. हे आकडे पाठ करून लोक मोबाइल सायलेन्सरच्या तोंडाशी धरतात आणि ९५ दिसलं की घाबरतात, किंवा दुकानदार ‘ऐंशीच्या आत’ असं छापलेलं खोकं दाखवतो. दोन्ही निरर्थक. ८० हा आकडा धावत्या गाडीच्या चाचणीचा आहे : गाडी ताशी ५० च्या आसपास वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर थ्रॉटल पूर्ण उघडतात आणि मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर, १.२ मीटर उंचीवर ठेवलेला माइक आवाज मोजतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. त्यामुळे अर्ध्या मीटरवरचे ९५ आणि साडेसात मीटरवरचे ८० एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत.

घरी करता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, तुलना. मोबाइलचं अ‍ॅप आकडा चुकीचा दाखवतं, पण तोच फोन आणि तीच जागा ठेवली तर फरक बऱ्यापैकी खरा येतो. आजूबाजूला भिंत नसलेली जागा घ्या. फोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, त्याच उंचीवर आणि धुराच्या रेषेला ४५ अंशांत धरा. थेट झोतात धरलात तर हवेचाच आवाज मोजाल. कमाल ताकद ज्या आरपीएमला येते तो आकडा ५००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन स्थिर ठेवा. क्लासिक ३५० ची कमाल ताकद ६१०० ला आहे, म्हणजे ३०५० वर. त्या गाडीला आरपीएम मीटर नाही, तेव्हा गाडीच्या संगणकातून आकडे वाचणारा स्कॅनर लावावा लागेल. आधी कंपनीचा सायलेन्सर मोजा, मग नवा. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट झाली आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. फरक ३ च्या वर गेला तर माझ्या मते तो सायलेन्सर रस्त्यावर आणू नये, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

खोक्यावरचा ई-मार्क, म्हणजे युरोपीय मान्यतेचा शिक्का, इथे परवान्यासारखा दाखवतात. भारतात गाडीची मान्यता पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था देतात आणि ती त्या मॉडेलला, त्याच्या मूळ सायलेन्सरसकट मिळालेली असते. ई-मार्क म्हणजे माल चांगला असण्याची शक्यता, एवढंच. डीबी किलरचंही, म्हणजे आवाज कमी करायला सायलेन्सरच्या तोंडात बसवतात त्या तुकड्याचंही, तसंच. एका अ‍ॅलन बोल्टवर लटकलेला हा तुकडा निघतो किती सहज, ते तपासणाऱ्यालाही माहीत असतं.

लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, इंदोरी या बाजारातल्या सायलेन्सरांचा आवाज मोठा का, ते कापून बघितलं की कळतं. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पडदे आणि कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात उलटसुलट फिरतो आणि लाटा एकमेकींना मारतात. बॉटलमध्ये बहुधा सरळ जाळीदार नळी आणि भोवती ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांचा कापूस. ग्लासवूल वरच्या पट्टीतला आवाज खातं, खालची धडधड तशीच बाहेर सोडतं, आणि जळून झिजलं की तेवढंही करत नाही. दोन वर्षांपूर्वी ‘ठीक’ असलेली बॉटल आज जास्त ओरडते ती यामुळे. फटाका हा वेगळाच प्रकार : चालत्या गाडीची किल्ली बंद-चालू करून न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटवायचं. बीएस-६ गाडीवर हा खेळ केला तर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली जाळी वितळू शकते.

आता पीयूसी. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही. पुढे बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षभराची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या फोर-स्ट्रोक गाडीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३.५ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन, हायड्रोकार्बन) ४५०० पीपीएम इतकी सूट आहे, पुढच्या गाड्यांना त्याहून कडक. नापास झालात तर पावतीवरचे दोन्ही आकडे वाचा. दोन्ही जास्त असतील तर मिश्रण श्रीमंत आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त : चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा पडलाय. सीओ कमी आणि एचसी जास्त असेल तर मिसफायर (ठिणगी चुकणं) किंवा मिश्रण गरीब, म्हणजे पेट्रोल कमी. फ्री-फ्लो, म्हणजे धूर न अडवणारा, सायलेन्सर लावून जेट तसाच ठेवला की बहुतेकदा दुसरं होतं. थ्रॉटल सोडल्यावर फट-फट आणि बेंड पाइप निळा ही त्याची ओळख. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. इंजिनच्या बाजूचा बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूचा बाहेर काढला की हवा वाढते. अर्ध्या गॅरेजेसमध्ये हे उलटं केलं जातं.

इंजेक्शनच्या गाडीत खोडी ऑक्सिजन सेन्सरपाशी असते. बेंड पाइपचं गॅस्केट एकदाच दबतं. जुनंच परत लावलं की फ्लँजमधून (नळीच्या जोडातून) बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण गरीब वाटतं, ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो आणि सीओ चढतो. दोन नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले नाहीत तरी हेच. आखूड सायलेन्सरची अडचण आणखी निराळी : मशीनची नळी किमान ३०० मिलिमीटर आत जायला हवी. ती गेली नाही तर मोजलेली हवा भेसळीची.

पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण येतं. फॉर्म २५, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज, विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि मग निरीक्षकासमोर प्रत्यक्ष गाडी. तिथे डोळे आणि कान दोन्ही असतात. बॉटल दिसली की चेसिस नंबरची प्रिंट घेण्याआधीच गाडी परत, असंच गृहीत धरून चला. कंपनीचा सायलेन्सर किमान पंधरा दिवस आधी चढवा, कारण नट बसतात ते जुने स्टड तुटतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि नट गरम असताना जोर लावू नका. सायलेन्सरच्या खाली तीन-चार मिलिमीटरचं भोक दिसलं तर ते बहुधा पाणी निघायला कंपनीनेच ठेवलेलं असतं. ते वेल्डिंगने बुजवलं की आतून गंज धरतो. गळती बघायला इंजिन सुरू करून जाड ओल्या फडक्याने तोंड क्षणभर दाबा, हातमोजा घालून. इंजिन गुदमरायला हवं. गुदमरण्याऐवजी कुठेतरी फुस्स आवाज आला तर जोड गळतोय.

जुनी बुलेट विकत घेताना मूळ सायलेन्सर सोबत मागा. ‘घरी पडलाय, नंतर देतो’ असं उत्तर आलं तर नव्याची किंमत शोरूमला विचारून ती सौद्यातून वजा करा.