लिऑनहून पेरूज, ट्रेनने आणि मग पायी

फ्रान्समध्ये लिऑनला येणार असाल तर एक दिवस पेरूज या टेकडीवरच्या जुन्या तटबंदीच्या गावासाठी बाजूला काढाच, गाडी भाड्याने घ्यायची काही गरज नाही. लिऑनच्या पार-द्यू स्टेशनवरून अँबेरियूच्या दिशेची टीईआर, म्हणजे प्रादेशिक ट्रेन, पकडायची, साधारण अर्ध्या तासात मेक्सिम्यू-पेरूज स्टेशन येतं. स्टेशन खालच्या मेक्सिम्यू गावात आहे, तिथून वीसेक मिनिटं चालायचं, शेवटी चांगली चढण लागते.

वर पोचल्यावर आधी चर्चच समोर येतं आणि ते चर्च आहे हे पटायला वेळ लागतो. 15 व्या शतकातलं बांधकाम, गावाच्या तटबंदीतच गुंफलेलं, बाहेरच्या भिंतीला मोठ्या खिडक्यांऐवजी जंग्या, म्हणजे आतून मारा करायच्या अरुंद फटी. प्रार्थना आणि लढाई दोन्हीची सोय एकाच भिंतीत! शेजारच्या वरच्या वेशीतून आत शिरलो आणि पायाखाली सगळे नदीचे गोटे, गुळगुळीत, उभे रोवून एकमेकांना घट्ट बसवलेले, मधोमध पाणी वाहून जायला खोलगट नाली, आणि घरांच्या भिंतींतही तेच गोटे, तिरके तिरके रचून, एक ओळ डावीकडे झुकलेली तर वरची उजवीकडे. मी एका भिंतीसमोर बराच वेळ उभी होते, हात फिरवून बघितला, गोटे गार आणि मधला चुना खरखरीत.

हे विणकरांचं गाव. जवसाच्या आणि भांगेच्या धाग्याचं कापड इथे विणलं जायचं, त्यावर गाव श्रीमंत झालं. 1601 पर्यंत हा भाग साव्हॉय या शेजारच्या वेगळ्या राज्याच्या ड्यूककडे होता, फ्रान्समध्ये नव्हताच. 1468 मध्ये शेजारच्या दोफिने प्रांताच्या फौजेने वेढा दिला पण गाव काही पडलं नाही. खालच्या वेशीवर त्याचा लॅटिन लेख आहे, की त्या बदमाशांना गाव घेता आलं नाही म्हणून दरवाजे, बिजागऱ्या आणि कुलपं घेऊन गेले, सैतान त्यांना उचलून नेवो! इतक्या वर्षांनीही राग ताजा आहे, मला तो लेख फार आवडला.

पुढे हातमाग मागे पडले, मोठा रस्ता आणि रेल्वे खालून गेली, लोक उतरून निघून गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर रिकामी घरं पाडायला सुरुवात झाली होती. 1911 मध्ये गाव वाचवायला समिती उभी राहिली, लिऑनचे महापौर एदुआर एरिओ यांनीही जोर लावला, म्हणून आज आपण हे बघतोय. मला तरी वेढ्यापेक्षा ही लढाई मोठी वाटते, कारण इथे शत्रू कोणी नव्हताच, नुसती गरिबी आणि कंटाळा.

मधल्या चौकात लिंडेनचं झाड आहे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात 1792 मध्ये स्वातंत्र्याची खूण म्हणून लावलेलं. तिथेच आसपास गालेत मिळते, ती खाल्ल्याशिवाय परत फिरू नका. यीस्टची कणीक पातळ लाटून वर लोणी आणि साखर, आत लिंबाच्या सालीचा कीस, भट्टीतून निघाली की कडेची साखर कुरकुरीत आणि मध्ये लोण्याने ओलसर. गरम असतानाच खायची.

गाव छोटं आहे, रू दे राँड नावाची गल्ली गोल फिरवून परत आणते, पण घाईने उरकू नका. जाड तळव्याचे बूट घाला, गोट्यांवर सँडलने पाय दुखतात, आणि परतीच्या ट्रेनची वेळ सकाळीच बघून ठेवा.