सड्यावरून शहरात, पेट्रोलशिवाय

आमच्या रस्त्यावर माझी स्कूटर लिटरला चाळीसच्या वर देत नाही. घर भाट्ये गावाच्या वर सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ पठारावर, ऑफिस रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, म्हणजे रोज अर्धा लिटर. पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली, तेव्हापासून ते काही खाली उतरलं नाही. महिन्याला तेराशे रुपये नुसते टाकीत जात होते. पतसंस्थेत दिवसभर दुसऱ्यांचे हप्ते लिहायचे आणि आपले तेराशे धुरावाटे सोडायचे, हे मला सहन होईना. धाकटीच्या क्लासची फी भरायच्या महिन्यात मी ठरवलं, सायकल घ्यायची.

घरात, शेजारी, ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: हा चढउतारांचा मुलूख, इथे सायकल चालत नाही. लोकांचं चुकत नाही. इथे पिढ्यान् पिढ्या बिनगिअरची सायकल शाळेत जाताना चढावर ढकलतच नेली गेली. पण मला मनापासून वाटतं की कोकणात अडवतो तो चढ नाही, गिअर नसणं अडवतं. माझ्या सायकलला पुढे तीन चकत्या आहेत, सर्वांत लहान २८ दात्यांची, मोठी ४८ ची. मागे फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांना, १४ ते २८ दाते. पुढे २८ आणि मागे २८ लावलं की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. पुढे ४८ आणि मागे १६ लावलं तर एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं. सपाटीला हे दुसरं, चढाला पहिलं. चढावर वेग चालण्याच्या थोडासा पुढे असतो, पण पाय भरून येत नाहीत आणि उतरावं लागत नाही.

सायकल नवी घेतली नाही. शिक्षण संपवून गावी निघालेल्या एका मुलाची घेतली, सहा हजारांत. सायकलच्या दुकानातल्या काकांना सोबत घेऊन गेले होते. त्यांनी चाकं फिरवून पाहिली, रिम डुलते का बघितलं, आणि सर्वांत आधी व्हॉल्व्ह तपासला. "वहिनी, मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेलीच घ्या. बारीक व्हॉल्व्हचा पंप गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळायचा नाही." हा सल्ला सोन्यासारखा ठरला. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि मागचा लाल दिवा वेगळा बसवून घेतला. या सायकलींना चेनकव्हर नसतं, त्यामुळे चुडीदार किंवा पँट, आणि ओढणी घडी करून पिशवीत. सीट अशा उंचीवर हवी की टाच खाली आलेल्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ व्हावा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात आणि माणूस दोष सायकलीला देतो.

सुरुवात रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना. झरी विनायकाजवळचा चढ मी अर्धा चढायची, उतरायची, दम खायची, पुन्हा बसायची. गिअर चढ लागायच्या आधी उतरवायचा असतो. जोर लावून पायडल मारताना बदलला तर चेन कुरकुरते, कधी निघूनही पडते. एवढं अंगवळणी पडलं आणि दम पुरायला लागला. मग आठवड्यातून दोन दिवस, मग तीन, मग बहुतेक रोज. सकाळी उतार आधी येतो, त्यामुळे भाट्यापर्यंत घाम येत नाही. शहरात वर चढताना येतो. म्हणून मी लवकर पोचते, हातपाय धुऊन कुर्ता बदलते. एप्रिल-मे महिन्यात दमट उकाडा असतो, त्याला उपाय नाही. तेव्हा पाण्याची बाटली मोठी न्यायची आणि घाई करायची नाही.

भाट्याचा पूल ओलांडताना वाऱ्याचा अंदाज ठेवावा लागतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा. मी सकाळी उत्तरेला जाते आणि संध्याकाळी दक्षिणेला, म्हणून दोन्ही वेळा वारा उजव्या अंगानेच येतो आणि सायकल डावीकडे कठड्याच्या बाजूला रेटतो. संध्याकाळचा जास्त जोरकस. तिथे मी हँडल घट्ट धरते, कठड्याला खेटून चालवत नाही आणि मागून डंपर येत असेल तर वेग कमी करून त्याला आधी जाऊ देते. पुलाचे सांधे नेहमी काटकोनात ओलांडायचे, तिरके गेलं की चाक सरकतं.

आता चेन. कुठलीही सायकल घ्या, किनाऱ्यावर तिचा खरा शत्रू खारी हवा आणि लाल धूळ. आठ दिवस हात लावला नाही तर चेनच्या कड्यांवर तांबूस गंज चढतो. त्यावर कुणी जळकं ऑइल ओततं, तेव्हा जांभ्याची धूळ त्यात कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी फ्रीव्हीलचे दाते घासत बसते. माझा रविवारचा अर्धा तास त्यासाठी राखलेला आहे. सायकल उलटी करायची, जुन्या टूथब्रशला थोडं डिझेल लावून चेन घासायची, लाल-काळा चिखल निघेपर्यंत कापडातून ओढायची. मग प्रत्येक कडीच्या पिनेवर तेलाचा एकेक थेंब, पायडल मागे फिरवायचं आणि वरवरचं तेल पुसून टाकायचं. तेल पिनेच्या आत हवं, बाहेर नको. उन्हाळ्यात पातळ तेल, पावसाळ्यात जाडसर, नाहीतर पहिल्याच सरीत धुऊन जातं.

चेन बदलायची वेळ पट्टीने कळते. नव्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. पिनेच्या मध्यापासून मोजताना एक सोळांश इंच वाढलं की चेन बदलायची. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलात तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागतं आणि खर्च दुप्पट होतो.

पावसाळ्याचं मला सगळेच विचारतात. साध्या पावसात मी सायकलच नेते. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कॅरिअरवर, डोक्यावर टोपी आणि वर रेनकोट. टोपीच्या झापेमुळे पाणी डोळ्यांत जात नाही. ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते, म्हणून उतारावर लवकर आणि थोडा थोडा दाबायचा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि शेवाळलेली कड टाळायची. रेड अलर्ट आला किंवा वादळी वारा असला की एसटी. तिथे हट्ट करायचा नाही, घरी वाट बघणारी माणसं आहेत.

पैशांचं म्हणाल तर महिन्याचे तेराशे पूर्ण वाचत नाहीत. पावसातले एसटीचे दिवस, बाजारहाटाला काढलेली स्कूटर, ब्रेक शू, ट्यूब, तेल, आणि वाढलेली भूकसुद्धा. संध्याकाळी घरी पोचले की आधी पोह्यांची ताटली लागते. सगळं वजा करून हजाराच्या आसपास हातात राहतात. नुसते वाचलेले पैसे दिसत नाहीत, घरखर्चात विरघळतात. म्हणून पगार झाला की ते हजार मी आरडीत टाकते. सायकलीची किंमत सहा-सात महिन्यांत निघाली, तेव्हापासूनची रक्कम धाकटीच्या फीसाठी आहे.

सुरुवातीला पुलाजवळचे मासेवाले काका रोज विचारायचे, "काय ताई, गाडी बंद पडली वाटतं?" आता ते घंटी ऐकून हात करतात. ऑफिसच्या शिपाईमामांनीही त्यांच्या मुलाची सायकल दुरुस्त करून घेतली, त्यांचं घर तर जवळच आहे. हिशेब विभागातल्या एका मॅडमचं मात्र अजून ठरत नाही. त्यांना मी माझी सायकल या शनिवारी चढावर चालवून बघायला देणार आहे, कारण सांगून कुणाला पटत नाही, लहान गिअरवर पाय फिरला की पटतं.

ऑफिसच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सायकलीवर छप्पर नाही. समुद्राकडचा पाऊस आडवा येतो आणि दिवसभर सीट भिजते. पत्र्याची छोटी शेड घालावी म्हणून मी आणि शिपाईमामांनी मिळून अर्ज दिला आहे. मिरग लागायच्या आत ती व्हावी, म्हणून सोमवारी पुन्हा जाऊन बसणार आहे.