ग्रिमेंत्स : दोन मुक्काम आणि म्वारीचं धरण

स्वित्झर्लंडची आपली सहल लुसर्न, इंटरलाकेन, टिटलिस करून परतते. वाले प्रांतातल्या आनिव्हिए खोऱ्यातलं फ्रेंच बोलणारं ग्रिमेंत्स (उंची १५७० मीटर) त्या वाटेवर येत नाही. वाट वाकडी करून जावं आणि किमान दोन रात्री राहावं. एका दिवसात उरकायला गेलं की निम्मा दिवस प्रवासातच जातो.

जिनिव्हाहून ब्रिगकडे जाणाऱ्या गाडीनं सुमारे दोन तासांत सिएर. फलकावर शेजारी ‘सिडर्स’ असं जर्मन नावही दिसतं, गाव तेच. सियों हे त्याआधीचं वेगळं शहर, तिथे उतरू नका. सिएरहून पिवळी पोस्टबस. तासाभराचा घाट आहे, त्यामुळे ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी सिएरलाच घ्यावी. वाटेत व्हिस्वाला बहुधा बस बदलावी लागते. डिकीतलं सामान तिथे आठवणीनं काढा. स्विस ट्रॅव्हल पास या बसला चालतो.

उन्हाळ्यात खोऱ्यात मुक्काम केला की ‘आनिव्हिए लिबर्ते’ पास मिळतो. त्यावर खोऱ्यातल्या बस आणि चालू असलेले रोपवे फुकट. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलात मागून घ्या.

जुन्या गल्लीत ‘राकार’ नीट बघा. लार्च लाकडाची ही धान्याची कोठारं उन्हानं काळपट झालेली असतात. जमिनीपासून ती आखूड खांबांवर उचललेली, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या पाळीएवढा चपटा गोल दगड. उंदीर खांब चढतो, पण दगडाच्या कडेला उलटं लटकून पुढे जाता येत नाही. इतका साधा आणि इतका पक्का बंदोबस्त क्वचितच बघायला मिळतो.

चालायला सर्वांत सुंदर वाट झिनालहून. बसनं झिनाल, रोपवेनं सोरबुआ (सुमारे २४४० मीटर), तिथून ४०० मीटर चढून सोरबुआची खिंड (२८३५ मीटर), मग समोर हिरवट-निळ्या म्वारी तलावाकडे ६०० मीटर उतार. हिमनदीनं दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्यातून हा रंग येतो. तीन-चार तास धरा. याच दिशेनं जा: चढ कमी पडतो आणि परतीचा रोपवे गाठायची घाई नसते. उतारावर गुडघ्यांची परीक्षा होते, काठ्या हव्यातच. जुलैच्या सुरुवातीपर्यंत खिंडीत बर्फ असू शकतो. दुपारी विजा कडाडतात, म्हणून पहिला रोपवे धरा. १४८ मीटर उंच धरणाच्या भिंतीजवळून ग्रिमेंत्सची बस मिळते, पण फक्त उन्हाळ्यात. शेवटची चुकली तर आणखी ६८० मीटर पायी उतरायचं.

शाकाहाऱ्यांसाठी: राक्लेत म्हणजे वितळलेलं चीज, उकडलेले बटाटे, लोणच्यातल्या काकड्या नि कांदे. फोंद्यूत (पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज) पांढरी वाइन असते, बहुधा किर्श ही चेरीची दारूही. ‘क्रूत’ (पावावर चीज घालून भाजलेला पदार्थ) मागवताना ‘सां जांबों’ म्हणा, नाहीतर पावावर हॅम येतं. इथल्या पारंपरिक चीजला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे कडक पथ्य असेल तर भाजी-डाळीची सोय सिएरहूनच न्या आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. छोटी दुकानं दुपारी बंद असतात. आत शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग काय हवं ते.

मे आणि नोव्हेंबर टाळा. रोपवे थांबलेले असतात आणि बरीच उपाहारगृहंही बंद.