स्लीव्ह का बायपास? माझा अनुभव, सहा वर्षांनंतरचा

वजनाचं ऑपरेशन झालंय असं कळलं की आमच्या लातुरात पहिला प्रश्न एकच, किती किलो गेले? आणि ज्यांना स्वतःला करायचंय त्या बायका पण हेच विचारतात, कशानं जास्त जातं, स्लीव्हनं का बायपासनं? (ही दोन्ही वजन कमी करायला जठर छोटं करायची ऑपरेशनं.) मी बायपास केलं, २०१९ ला, पुण्यात. आता सहा-एक वर्षं झाली आणि माझं मत पक्कं झालंय की नुसते किलो बघून ऑपरेशन ठरवू नये. छातीत जळजळ होते का, शुगर किती जुनी आहे आणि जन्मभर गोळ्या घेणं अन् रक्त तपासणं आपल्याच्यानं होणारे का, हे बघून ठरवावं. माझ्या बाबतीत कसं ठरलं ते सगळं सांगते.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. ऑपरेशनच्या वेळी वजन १०४ किलो, उंची १५९ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४१ च्या वर. शुगर पाच-सहा वर्षांची, दोन प्रकारच्या गोळ्या चालू तरी तीन महिन्यांची शुगर ९ च्या पुढं. गुडघे तर असे की फळ्यापाशी तासभर उभं राहणं नको व्हायचं. आणि जळजळ. रात्री दोन उशा घेऊन झोपायचे, उशाशी जेलूसीलची बाटली. वजन कमी करायचं सगळं आधी झालेलं होतं, चालणं, डाएटिशियन, एकवेळ जेवण, दहा किलो जायचे अन् बारा परत यायचे.

आमच्या घरात आधी माझ्या नणंदेचं ऑपरेशन झालं होतं, २०१८ ला, तिनं स्लीव्ह केलेलं. वर्षभरात तिचे तीस किलो उतरले, सगळे नातेवाईक बघतच राहिले. त्यामुळं घरात वादच नव्हता, वहिनीनं पण तेच करायचं. वाद फक्त आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, की करायचंच कशाला. "पोटाची पिशवी कापल्यावर माणूस जगंल कसा गं? कमी खा म्हणलं तर ऑपरेशन करायलीस व्हय!" त्यांचं प्रेमच ते, पण रोज ऐकून मला रडू यायचं. शेवटी ह्यांनी त्यांना माझे शुगरचे सगळे रिपोर्ट वाचून दाखवले, त्यांच्या मोठ्या भावाचा पाय शुगरनं गेलेला आहे, ते त्यांना लगेच समजलं.

पुण्यात सर्जनांनी पहिल्याच भेटीत तोंडातून दुर्बीण सांगितली. मी म्हणलं मला अल्सर नाही काही नाही, कशाला? ते म्हणाले ऑपरेशन कोणतं करायचं हे दुर्बीण केल्याशिवाय मी बोलणार नाही. त्यात निघालं की अन्ननलिकेला खाली सूज आहे आणि छोटा हायटस हर्निया पण आहे, म्हणजे जठराचा थोडा भाग वर छातीकडं सरकलेला. मग त्यांनी कागदावर चित्रं काढून सांगितलं, ते मला अजून आठवतंय कारण तेव्हा कुठं मला नीट कळलं की पोटात नक्की काय करतात.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात, राहते ती उभी अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. भुकेचा जो घ्रेलिन नावाचा हार्मोन आहे तो मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतो म्हणून भूकच कमी होते. ऑपरेशन तुलनेनं सोपं, पण कापलेला भाग परत बसवता येत नाही आणि नळीत दाब वाढतो म्हणून अॅसिड वर ढकललं जातं. ज्याला आधीच जळजळ आहे त्याची वाढू शकते आणि ज्याला नाही त्याला नव्यानं सुरू होऊ शकते. बायपासमध्ये वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. बाकीचं जठर आतच राहतं, फक्त अन्न तिकडं जात नाही. अॅसिड बहुतेक त्या खालच्या जठरात होतं, म्हणून जळजळीला हे चांगलं, शुगरलाही चांगलं. पण लोह, कॅल्शियम, बी१२ नीट शोषलं जात नाही. तिसरं मिनी बायपास, त्यात दोनच्या ऐवजी एकच जोड, वेळ कमी लागतो, आपल्याकडं बरेच सर्जन करतात आणि वजन, शुगर दोन्हीला चांगला परिणाम आहे. पण त्यात पित्त वर पिशवीत येऊ शकतं आणि आतडं जास्त लांब बायपास केलं तर पोषणाची कमतरता वाढते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, म्हणून मला ते नको असं त्यांनी स्वतःच सांगितलं. बँडचं, म्हणजे जठराला वरून आवळायच्या पट्ट्याचं विचारलं तर म्हणाले आता जवळपास कुणी बसवत नाही, पुढं काढायचीच वेळ फार जणांवर आली.

मी किलोचं विचारलंच. तेव्हा त्यांनी फिनलंडमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २४० पेशंट, निम्म्यांना स्लीव्ह निम्म्यांना बायपास, त्याचे पाच वर्षांचे आकडे २०१८ ला आले होते. जास्तीच्या वजनापैकी, म्हणजे उंचीच्या मानानं असावं त्याच्या वरच्या वजनापैकी, स्लीव्हवाल्यांचं ४९ टक्के गेलं अन् बायपासवाल्यांचं ५७. मी गणिताचीच शिक्षिका, तिथंच हिशोब केला. माझं जास्तीचं वजन ४१ किलो धरलं तर एकात मी ८४ वर येणार, दुसऱ्यात ८०-८१ वर. तीन-चार किलोचा फरक! आणि त्यासाठी आम्ही घरात महिनाभर चर्चा करत होतो. पुढं २०२२ ला त्याच अभ्यासाचे दहा वर्षांचे आकडे आले, मी मुद्दाम शोधून वाचले, ४३.५ आणि ५०.७ टक्के, म्हणजे फरक तेवढाच राहिला. पण दुर्बिणीत अन्ननलिकेला सूज दिसली ती स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के लोकांना आणि बायपासवाल्यांत ७ टक्के. मला तरी खरा फरक इथं दिसतो.

माझं बायपास ठरलं. मेडिक्लेमचं थोडक्यात सांगते, पॉलिसीत वजनाचं ऑपरेशन बसायला बीएमआय ४० किंवा त्याच्या वर लागतो, नाहीतर ३५ च्या वर असून हाताबाहेरची शुगर किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, हृदयाचा आजार असं काहीतरी लागतं, आणि डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. वेटिंग पिरियड संपलाय का ते आधी बघा. आमचं बसलं, पण कागदपत्रांत जीव गेला.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे प्रोटीन पावडर, ताक, सूप एवढंच, लिव्हरवरची चरबी कमी व्हावी म्हणून. ऑपरेशन दुर्बिणीतून, बारके टाके. त्याच संध्याकाळी उठवून चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून, पोटात इंजेक्शनं पण त्यासाठीच. दुखणं सोसण्यासारखं होतं. मला जड गेलं ते त्याच्या पुढचं. आधी पातळ मग मऊ, असं महिनाभर. घोट घोट पाणी, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पण नाही. ज्या आत्या ऑपरेशनच्या विरोधात होत्या त्यांनीच मला तेव्हा सांभाळलं. वरणाचं पाणी गाळून, ताक पातळ करून, नंतर आंबिल, दर दोन तासाला वाटीत घेऊन यायच्या. "एवढुसं पिऊन काय होतंय बाई" म्हणत रडायच्या पण वाटी चुकवली नाही.

पहिल्या वर्षात ३५ किलो गेले, सगळ्यात कमी ६९ झालं. शुगरच्या गोळ्या महिन्याभरातच बंद झाल्या, जळजळ तर दवाखान्यातून आल्यावर परत आलीच नाही, एका उशीवर झोपायला लागले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळाले, घाबरायला होतं पण ते परत येतात, माझे आले. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळ्या होत्या. दंडाची आणि पोटाची कातडी लोंबते ती लोंबतेच, ती व्यायामानं जात नाही. आणि माणसं, गावाकडं तर विचारायचेच, "बाई काय आजार झालाय का, कशामुळं वाळलीस?" उत्तर देऊन देऊन थकले, मग खरं सांगायला लागले, त्यामुळंच आता एवढ्या जणी विचारायला येतात आणि मला ते आवडतं.

गोडाचं सांगितलंच पाहिजे. बायपासमध्ये साखर एकदम आतड्यात जाते आणि डम्पिंग होतं. एका १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर शाळेत जिलेबी वाटली, मी एक खाल्ली. दहा-पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, पोटात कळ, ऑफिसात बाकावर आडवं पडावं लागलं. पोरं घाबरली बिचारी. काहींना दोन-तीन तासांनी शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येते, मला तसं एक-दोनदाच झालं. वेळ अमावस्येला शेतात भज्जी खाते पोटभर, म्हणजे माझ्या पोटाला जेवढं मावतं तेवढी, त्यात सगळ्या डाळी-शेंगा असतात, बायपासवाल्याला ह्याच्यापेक्षा चांगलं काय, खीर फक्त चमचाभर. भाकरी कुस्करून वरणात चालते, पोळी आणि मोकळा भात माझा अडकतो. रोज ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन पाहिजे, शाकाहारी माणसाला हे सोपं नाही. मटकी, हरभरा, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या एवढं करून पण पावडर घ्यावीच लागते, आणि तिचा खर्च दर महिन्याचा आहे हे आधी धरून चालावं.

गोळ्यांचं सांगते कारण इथंच लोक ढिले पडतात. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी आणि बी१२, जन्मभर. कॅल्शियम सायट्रेटवालं घ्यायचं, मेडिकलवाला बहुतेक कार्बोनेटवालं काढून देतो, पाकीट वाचून घ्या. लोह अन् कॅल्शियम एकत्र नाही, दोन तासाचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही. मी सगळं नीट घेत होते तरी चौथ्या वर्षी हिमोग्लोबिन ८ वर आलं, कारण पाळीत अंगावरून फार जायचं. इथंच लातुरात सलाईनमधून लोह घेतलं, दोन महिन्यांत माणसात आले. ज्या बायकांना पाळीचा त्रास आहे त्यांनी बायपास करायच्या आधी हे सर्जनला नक्की सांगावं. आणि ज्यांना मूल हवंय त्यांनी ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं, हेही आधीच बोलून घ्या.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक उन्हाळा. पारा ४२-४३ ला जातो आणि आपल्याला गटागटा पाणी पिता येत नाही, बायपासनंतर मुतखड्याचा धोका तसाही वाढतो, म्हणून बाटली सतत हातात, मी तासाला अलार्म लावते. दुसरं दुखण्याचं इंजेक्शन. आपल्याकडं अंग दुखतंय म्हणलं की लगेच डायक्लोफेनॅक टोचतात नाहीतर ब्रुफेन देतात, बायपासवाल्याला ते चालत नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. सिगारेट-बिडीनं पण तसाच अल्सर होतो. मी पर्समध्ये कागद ठेवलाय, कोणतं ऑपरेशन झालंय, काय द्यायचं नाही, आणि पोटात अचानक जोराची कळ आली तर लगेच सीटी स्कॅन करा, कारण आतडं आतल्या आत अडकू शकतं. ह्यांच्या मोबाइलमध्ये पण तेच लिहून ठेवलंय.

आज माझं वजन ७७ आहे. म्हणजे खालून आठ किलो परत आले, हळूहळू, तिसऱ्या वर्षापासून. एक बाई तोंडावर म्हणाल्या, ऑपरेशन फेल गेलं का? मला फार लागलं ते. १०४ ची मी सहा वर्षांनंतर ७७ वर आहे, गुडघे चालतायत, पोरांसोबत लंगडी खेळते, ह्याला फेल कसं म्हणायचं? थोडं वजन परत येतं हे सर्जननी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तीन महिन्यांची शुगर मागच्या वर्षी ६.८ वर गेली म्हणून मेटफॉर्मिनची एक गोळी परत सुरू झालीय, आधीच्या मानानं ते काहीच नाही. २०२५ पासून मौंजारो, वेगोव्ही ही वजन कमी करायची इंजेक्शनं आपल्याकडं मिळायला लागलीत, त्याचं पण विचारलं, डॉक्टर म्हणाले वजन अजून वाढलं तर विचार करू, पण बंद केलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं.

माझ्या नणंदेचं सांगायचं राहिलं. तिचं वजन बऱ्यापैकी टिकलं, माझ्यापेक्षा फार वेगळं नाही. पण तिसऱ्या वर्षापासून तिला जळजळ सुरू झाली, आधी कधी नव्हती. आता रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन पण रात्री ठसका लागून उठते, आडवं झोपताच येत नाही, खुर्चीत बसून रात्र काढते. मला तिचं बघवत नाही. परवा दुर्बीण केली, सूज बरीच आहे, सर्जन म्हणाले स्लीव्हचं बायपास करता येतं आणि तिच्यासाठी तेच योग्य. तिला खर्चाची आणि दुसऱ्यांदा भूल घ्यायची भीती आहे, मी तिला माझी गोळ्यांची वही दिली आणि सांगितलं की आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, डी सगळं तपासून भरून काढू मगच तारीख घेऊ. दिवाळीनंतरची मिळतीय, मी शाळेत रजा टाकलीय, तिच्यासोबत पुण्याला मीच जाणारे.