माझं पहिलं मत खडकवासल्यात

मार्च २०२४ मध्ये, बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत मला अठरा पूर्ण झाली. मग सीईटी, प्रवेशफेऱ्या, सामान बांधून औशाहून पुण्याला येणं. वडगाव बुद्रुकच्या हॉस्टेलवर स्थिरस्थावर होईपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि विधानसभेची हवा सुरू झाली होती. मला मत द्यायचंच होतं. प्रश्न एवढाच होता की कुठून?

पप्पांचं म्हणणं होतं, नाव गावातच असू दे. "सरपंचकीला एकेक मत लागतंय, बाळा. तुझं नाव तिकडं गेलं तर इथलं एक कमी." त्यांचं चुकीचं नव्हतं. ग्रामपंचायतीला दोन-चार मतांनी माणसं पडतात हे मीही पाहिलंय. पण मी पुढची चार वर्षं राहणार पुण्यात. पाण्याचा टँकर, रात्री हॉस्टेलकडे येणाऱ्या रस्त्यावरचे बंद दिवे, कात्रजकडून येणाऱ्या पीएमटीची वाट बघणं, हे सगळं माझं इथलं. शिवाय मतदानाची सुट्टी एक दिवसाची. पुणे ते लातूर रात्रीचा प्रवास, सकाळी मत, परत रात्रीचा प्रवास, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल. आमच्या मजल्यावरच्या कितीतरी मुलींची नावं गावच्या यादीत आहेत आणि त्यांचं मत केवळ या अंतरापायी दरवेळी वाया जातं. मला ते नको होतं.

कायदा विद्यार्थ्यांना दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा किंवा शिकता त्या गावच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर घ्या. मात्र दोन्हीकडे नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदेशीर आहे, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि सोबत प्राचार्य किंवा संस्थाप्रमुखांचा बोनाफाईड दाखला हवा. भाडेकरार, वीजबिल यातलं काही आमच्याकडे नसतं, म्हणून हा दाखलाच सगळ्यात मोलाचा कागद.

आणि तोच मिळवायला सगळ्यात वेळ गेला. कार्यालयात बोनाफाईड मागितला की छापील कागद हातात येतो, त्यावर "बँकेच्या कामासाठी" किंवा "शिष्यवृत्तीसाठी". आम्हाला हवा होता तो वेगळा: अमुक विद्यार्थिनी इथे शिकते आणि अमुक हॉस्टेलमध्ये राहते, असं स्पष्ट लिहिलेला. खिडकीवरच्या काकांनी "असा नमुना आमच्याकडे नसतो" म्हणून परत पाठवलं. निवडणूक आयोगाने या दाखल्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. तो छापून, आमच्या मजल्यावरच्या मुली मिळून थेट प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी वाचला, वॉर्डनला बोलावून पत्ता तपासला आणि सह्या करून दिल्या. एकटीला जे काम जड जातं ते चौघींनी मिळून मागितलं की होतं, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढचा अर्ज मोबाईलवरच भरला. पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्याला सहा नंबरचा फॉर्म. माझ्या रूम पार्टनरचं नाव आधीच उदगीरच्या यादीत होतं, तिला आठ नंबरचा, म्हणजे पत्ता बदलाचा. इथे बऱ्याच जणी गडबडतात, जुनं नाव तसंच ठेवून परत सहा नंबर भरतात, आणि मग दुबार नाव होतं. फोटो, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पत्त्यासाठी बोनाफाईड. नाव इंग्रजीत टाकलं की मराठीत आपोआप उमटतं, ते नीट वाचून दुरुस्त करा. माझ्या आडनावातल्या 'ळ'चा 'ल' झाला होता. अर्ज गेल्यावर संदर्भ क्रमांक येतो, तो जपून ठेवा. अर्ज कुठवर आला ते त्यावरूनच कळतं.

मग बीएलओंचा, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचा, फोन आला. आमच्या भागाच्या बीएलओ अंगणवाडी सेविका आहेत. आपलं रोजचं काम सांभाळून त्या घरोघरी फिरतात. गेटवर वॉचमनने त्यांना अडवलं, वॉर्डन मॅडमनी आत घेतलं. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, खोली पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि जाता जाता म्हणाल्या, "पोरींनो, आता यायचं मात्र नक्की." त्यांच्यासाठी चहा तरी सांगायला हवा होता असं आजही वाटतं.

निवडणूक जाहीर झाल्यावर नाव नोंदवायला थोडेच दिवस उरतात. त्या वेळी मुदत १९ ऑक्टोबरला संपली. आमचं काम त्याआधी झालं होतं. कार्ड पोस्टाने यायचं होतं, पण त्याची पीडीएफ आधीच उतरवून घेता आली.

२० नोव्हेंबरला, बुधवारी, सकाळी सातच्या आधीच रांगेत उभ्या राहिलो. हॉस्टेलचा पत्ता पुण्याचा, विधानसभा मतदारसंघ खडकवासला, आणि लोकसभेला हाच भाग बारामतीत मोडतो. नवख्यांनी आपलं नाव कुठल्या केंद्रावर आहे ते आदल्या दिवशीच पाहावं. कॉलेजचं ओळखपत्र तिथे चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन किंवा वाहन परवाना न्यावा. आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. ती पूर्ण नावाची हाक ऐकून छाती भरून आली. डाव्या तर्जनीवर शाई, मग यंत्राचं निळं बटण, आणि शेजारच्या काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. मी ती शेवटपर्यंत पाहिली. बाहेर येऊन पप्पांना फोन केला. "कुणाला दिलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचंही मतदान केलं. २०१७ नंतर पहिल्यांदाच ही निवडणूक झाली. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी लागत नाही, विधानसभेचीच यादी वापरतात. पण त्या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती, त्यामुळे दिवाळीत फॉर्म भरलेल्या माझ्या मैत्रिणींना मत देता आलं नाही. म्हणून ज्युनिअर मुलींना मी निवडणुकीची वाट पाहू देत नाही. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरून अठरा वर्षं मोजतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. अडलं तर १९५० वर फोन लावावा. आमच्या नोटीस बोर्डावर दाखल्याचा नमुना आता कायमचा टाचलेला आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींसाठी त्याच्या शेजारी आठ नंबरचा फॉर्मही.