तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच कॅम्पसवर परत कशी गेलीस?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकले असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो, हे नाव कुठेतरी ऐकलंय असं त्याला वाटत असतं, मग आठवतं आणि चेहरा बदलतो. पहिला प्रश्न 'तू तेव्हा तिथेच होतीस?' आणि हो म्हटलं की लगेच दुसरा, 'मग परत कशी गेलीस गं?' लग्नात विचारतात, मुलांच्या ॲडमिशनसाठी फोन करणारे तर हमखास विचारतात. इतकी वर्षं 'गेले, झालं' म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

आधी काय झालं ते, कारण आता ॲडमिशनची चौकशी करणारी मुलं तेव्हा पाळण्यात होती. १६ एप्रिल २००७, सोमवार, व्हर्जिनियातलं ब्लॅक्सबर्ग. एप्रिल असून बर्फ भुरभुरत होता आणि वारा इतका की नंतर जखमींना न्यायला हेलिकॉप्टरसुद्धा उडवता आली नाहीत. सकाळी सव्वासातच्या सुमाराला वेस्ट ॲम्ब्लर जॉन्स्टन या हॉस्टेलमध्ये एक मुलगी आणि एक मुलगा अशा दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांना वाटलं बॉयफ्रेंड-गर्लफ्रेंडचं भांडण असेल, आणि त्या दिशेने ते त्या मुलीच्या बॉयफ्रेंडला शोधत बसले. विद्यार्थ्यांना पहिली ईमेल आली ९:२६ ला, हॉस्टेलमध्ये गोळीबाराची घटना घडली आहे, पोलीस तपास करतायत, सावध राहा, इतपतच. मारणारा मधल्या वेळात आपले व्हिडिओ टीव्ही चॅनेलला पोस्टाने पाठवून आला होता. पावणेदहाच्या जरा आधी तो नॉरिस हॉलमध्ये शिरला, मुख्य दारांना आतून साखळ्या लावल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गांमध्ये दहा-अकरा मिनिटांत ३० जणांना मारून शेवटी स्वतःला संपवलं. सगळे मिळून ३२ गेले. त्यात आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूतून आलेले सिव्हिलचे प्रोफेसर लोगनाथन होते. त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही, त्याला ते सगळीकडे हवंच होतं.

मी काहीही पाहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते कारण ऐकणाऱ्याची इथे थोडी निराशा होते, कबूल कोणी करत नाही पण दिसते. मी कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला लॅबमध्ये होते, दार बंद करून बसलो होतो, फोन लागत नव्हते, भारतात संध्याकाळ झालेली आणि टीव्हीवर एव्हाना ब्लॅक्सबर्गचा नकाशा आला होता. त्या दिवसातली एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. दुपारपर्यंत बातम्यांमध्ये येऊ लागलं की मारणारा 'एशियन' आहे. आम्ही लॅबमधले तीन देशांचे लोक, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात एकच मागत होता, आपल्यातला नको. मेलेल्यांचा आकडा वाढतोय आणि आपण हे मागतोय. एका अमेरिकन पेपरने तर चिनी विद्यार्थी म्हणून छापूनही टाकलं, नंतर कळलं मुलगा दक्षिण कोरियात जन्मलेला, आठव्या वर्षापासून अमेरिकेतच वाढलेला. त्यानंतरचे कितीतरी दिवस कोरियन मुलंमुली मान खाली घालून फिरायची, माफी मागायची, ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता ती. कुणी त्यांना काही बोललं म्हणून नाही, आपणहून.

तर परत कशी गेले. खरं सांगू का, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा होता, म्हणजे शिक्षण चालू ठेवायलाच हवं. स्टायपेंड कॉलेजचा, घराचा करार माझ्या नावावर, आणि मी टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट होते, पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब घ्यायचे. सोमवारी, २३ एप्रिलला, वर्ग परत सुरू झाले, बरोबर एका आठवड्याने. मुलांना पर्याय दिला होता की आत्तापर्यंतचे मार्क घ्या आणि सेमिस्टर इथेच थांबवा, घरी जा, परीक्षा नको. मला वाटलं लॅबला कोणी येणार नाही. बरीच आली. काम कोणी केलं नाही, बसून राहिली, एक मुलगी नुसत्या टेस्ट ट्यूब धूत होती, धुतलेल्याच परत धूत होती. मीही तिला थांबवलं नाही.

ह्याला लोक हिंमत म्हणतात. मला तो शब्द ऐकला की चीड येते, थोडी. १७ तारखेच्या सभेत तिथेच शिकवणाऱ्या कवयित्री निक्की जोव्हानींनी 'वुई आर व्हर्जिनिया टेक' म्हटलं तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं, ते खोटं नव्हतं, त्या दिवशी ते लागतच होतं. (ह्याच बाईंनी २००५ मध्ये त्या मारणाऱ्या मुलाला आपल्या वर्गातून काढायला लावलं होतं, बाकीची मुलं त्याला घाबरतात म्हणून.) पण हिंमतीचं कौतुक सुरू झालं की बाकीचं कोणी विचारत नाही. सव्वासात ते ९:२६ काय चाललं होतं? आणि त्याहून मोठं म्हणजे बंदूक मिळाली कशी? डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या न्यायालयीन अधिकाऱ्याने हा मुलगा स्वतःसाठी धोकादायक आहे असं ठरवून त्याला उपचार घ्यायचा आदेश दिला होता. केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकत घेता येत नाही. पण उपचार हॉस्पिटलमध्ये भरती न होता, बाहेरून घ्यायचे होते, आणि राज्य तेव्हा फक्त भरती झालेल्यांचीच नावं बंदूक विकण्याआधीच्या तपासणीच्या यादीत पाठवायचं. त्यामुळे त्याने २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन पिस्तुलं रीतसर, दुकानातून, तपासणी पास होऊन घेतली. ३० एप्रिलला गव्हर्नरनी आदेश काढून ती फट बुजवली. दोन आठवड्यांत! म्हणजे करता येत होतं.

कॉलेजला वेळेवर इशारा दिला नाही म्हणून शिक्षण खात्याने ५५,००० डॉलर दंड लावला, अपिलं होऊन शेवटी २०१४ मध्ये ३२,५०० भरले. मारल्या गेलेल्या दोन विद्यार्थिनींची कुटुंबं कोर्टात गेली, ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०१३ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. 

परत जाणं खरोखर ज्याला म्हणावं ते मी एकाच माणसात पाहिलं. नॉरिस हॉल पाडायचा की ठेवायचा ह्यावर खूप वाद झाले. इंजिनिअरिंगची ऑफिसं आणि लॅब्ज त्याच उन्हाळ्यात सुरू झाल्या, वर्ग मात्र तिथे परत भरले नाहीत, आणि दुसऱ्या मजल्यावरचा तो भाग पूर्ण नवा करून २००९ मध्ये तिथे हिंसा कशी टाळता येईल ह्याचा अभ्यास करणारं केंद्र उघडलं. त्याचे पहिले डायरेक्टर येर्झी नोवाक. हे हॉर्टिकल्चरचे प्रोफेसर, विभागप्रमुख, रोपांमध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांची बायको जोसलिन फ्रेंच शिकवायची, २११ नंबरच्या वर्गात मारली गेली. तिथेच, त्याच मजल्यावर, ते कामाला बसले. मी त्यांच्याशी कधी बोलले नाही, धीर झाला नाही, पण माझ्या 'परत जाण्या'शी त्याची तुलना कोणी करू नये एवढंच.

आणि दगड. कॅम्पसवरच्या बरस हॉल या इमारतीसमोर विद्यार्थ्यांनी रातोरात ३२ दगड मांडले, पुढे ऑगस्टमध्ये त्याच जागी कायमचं स्मारक झालं, तिथल्याच खाणीतल्या दगडाचं. मधल्या दिवसांत एका मुलीने ३३वा दगड आणून ठेवला, त्या मारणाऱ्या मुलासाठी. तो कोणीतरी उचलून नेला, परत ठेवला गेला. कायमच्या स्मारकात ३२च आहेत. मला विचाराल तर ३२च बरोबर, पण तिला शिव्या घालणाऱ्यांत मी नव्हते. त्याचेही आईवडील कुठेतरी होतेच ना.

आता राहिला फोनवरचा खरा प्रश्न, मुलाला पाठवू का. तो मी नाही ठरवणार. बदललं बरंच आहे, २००८ मध्ये कायदा बदलून धोका कळल्याबरोबर इशारा देणं कॉलेजांना बंधनकारक झालं. २०२३ च्या फेब्रुवारीत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला तेव्हा पंधरा मिनिटांच्या आत मेसेज गेला, पळा, लपा, लढा. तरी तीन मुलं गेलीच, आणि वाचलेल्यांत अशी होती ज्यांनी सव्वा वर्षापूर्वी मिशिगनमधल्याच ऑक्सफर्ड गावच्या शाळेत हेच पाहिलं होतं. तेव्हा मेसेज लवकर येतो एवढंच म्हणता येईल, बंदुका होत्या तिथेच आहेत.

पाठवणारच असाल तर दोन कामं करा. प्रत्येक कॉलेजला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेचा वार्षिक रिपोर्ट काढावा लागतो, वेबसाइटवर असतो, रँकिंग वाचता तसा तोही वाचा. आणि ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर भारतातला नंबर दिलेला असतो, तिकडे नवीन सिम घेतलं की कॉलेजच्या अलर्ट सिस्टिममध्ये तो बदलायला लावा, पहिल्याच आठवड्यात, कारण ओरिएंटेशनमध्ये हे सांगतात तेव्हा आपली मुलं जेटलॅगमध्ये पेंगत असतात.